कीटकांचा श्वास मोजणारे आउगुस्ट क्रोग

माणूस धांवला कीं त्याला धाप लागते. निजला कीं त्याची छाती संथपणें वरखालीं होते. गाय, घोडा, कुत्रा, चिमणी ह्यांचाहि श्वासोच्छ्वास आपणांस डोळ्यांनीं दिसतो. परंतु भिंतीवरून चालणारी मुंगी, पानावरची अळी किंवा दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारा पतंग हीं श्वास घेतात काय, आणि घेत असल्यास कोठून व किती, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. त्यांना नाक नाहीं, फुप्फुसें नाहींत. आणि त्यांचा श्वास इतका अल्प कीं तो कोणत्या मापानें मोजावा, असेंच कोणीहि विचारील. हें माप ज्यांनीं तयार केलें आणि त्याच्या साहाय्यानें माणसाच्या शरीरांतील एका मोठ्या वादाचाहि निकाल लावला, त्या आउगुस्ट क्रोग ह्या डॅनिश शास्त्रज्ञांचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घेण्यासारखें आहे.

कीटकांच्या श्वसनाची माहिती जगाला पूर्वींपासून थोडीफार होती. इटलींतील वैद्य मार्चेल्लो मालपीगी ह्यांनीं १६६९ मध्यें रेशमाच्या किड्याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. किड्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या बारीक छिद्रांचें आणि त्यांतून आंत जाणाऱ्या शाखायुक्त नळ्यांचें वर्णन त्यांत आहे. ह्या छिद्रांना तेल लावल्यास किडा गुदमरून मरतो, हेंहि त्यांनीं दाखविलें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस लाझारो स्पालान्झानी ह्यांनीं बंद पात्रांत कीटक ठेवून ते हवेंतील प्राणवायु शोषून घेतात हें पाहिलें. आपल्या शरीरांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम रक्त करतें. कीटकांत मात्र हवेच्या नळ्याच थेट प्रत्येक अवयवापर्यंत पोंचलेल्या असतात. पण नळीच्या टोंकापर्यंत प्राणवायु जातो कसा? कीटक हवा भात्याप्रमाणें आंत ओढतो, कीं प्राणवायु आपोआप आंत पसरत जातो? हें ठरविण्यास नुसतें वर्णन पुरेसें नव्हतें; त्याला मोजमाप हवें होतें.

आउगुस्ट क्रोग ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७४ रोजीं डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर ग्रेनो ह्या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील विगो क्रोग हे जहाजें बांधण्याचा व्यवसाय करीत. लहानपणापासून आउगुस्टला निसर्गाचा नाद होता आणि शाळेंत असतांनाच त्याचा पुष्कळसा वेळ निरनिराळे प्रयोग करण्यांत जात असे. विल्यम सोरेन्सेन नांवाचे एक वडीलधारे प्राणिशास्त्रज्ञ त्याचे स्नेही होते. शरीराची नुसती रचना पाहण्यापेक्षां शरीराचें कार्य कसें चालतें ह्याचा अभ्यास कर, आणि त्यासाठीं कोपनहेगन विद्यापीठांतील प्राध्यापक क्रिस्तियान बोर ह्यांच्याकडे जा, असा सल्ला त्यांनीं त्याला दिला. योग्य वयांत मिळालेला एक हितोपदेश मनुष्याच्या आयुष्याला कसें वळण लावतो, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

१८९३ मध्यें क्रोग विद्यापीठांत दाखल झाले. प्रथम त्यांनीं वैद्यक घेतलें होतें, परंतु लवकरच तें सोडून त्यांनीं प्राणिशास्त्र पत्करलें. १८९६ च्या सुमारास त्यांनीं स्वतःच्या खोलींतच एका क्षुद्र प्राण्यावर प्रयोग सुरू केले. हा प्राणी म्हणजे डबक्याच्या पाण्यांत राहणारी, चिलटासारख्या एका माशीची अळी. ती कांचेसारखी पारदर्शक असते, आणि तिच्या शरीरांत हवेनें भरलेल्या पिशव्यांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतात. ह्या पिशव्यांचा उपयोग काय? क्रोग ह्यांनीं दाखविलें कीं, पाणबुडी जहाजाच्या टांक्यांप्रमाणें ह्या पिशव्या लहानमोठ्या करून अळी पाण्यांत हव्या त्या खोलीवर स्थिर राहते. परंतु त्यांचें समाधान तेवढ्यानें झालें नाहीं. पिशवींत कोणते वायु किती प्रमाणांत आहेत, हें त्यांना पाहिजे होतें. आणि पिशवी तर मोहरीच्या दाण्याहूनहि लहान! इतक्या थोड्या वायूचें पृथक्करण करण्याचें साधन तयार नव्हतें, म्हणून तें त्यांनीं स्वतः तयार करण्यास घेतलें. साधन नाहीं म्हणून प्रश्न सोडून द्यावयाचा नाहीं, तर प्रश्नासाठीं साधन घडवावयाचें, ही त्यांची आयुष्यभराची रीति येथूनच सुरू झाली.

त्यांची पद्धति ऐकावयास सोपी, पण हाताची कसोटी पाहणारी होती. वायूचा एक सूक्ष्म बुडबुडा केंसासारख्या बारीक कांचेच्या नळींत घ्यावयाचा आणि त्याची लांबी सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाची. मग त्याला दाहक पोटॅशचें द्रावण लावावयाचें. तें कर्बाम्लवायु शोषून घेतें, म्हणून बुडबुडा आंखडतो. पुन्हा लांबी मोजावयाची. त्यानंतर पायरोगॅलोलचें द्रावण लावावयाचें; तें प्राणवायु शोषून घेतें आणि बुडबुडा आणखी लहान होतो. शेवटीं जो उरतो तो बहुतेक नत्रवायु. अशा रीतीनें कांहीं घन मिलिमीटर वायूमधील प्रत्येक घटकाचें प्रमाण त्यांना सांगतां येऊं लागलें.

१८९७ मध्यें ते बोर ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले, आणि १८९९ मध्यें प्राणिशास्त्राची परीक्षा उतरल्यावर बोर ह्यांचे साहाय्यक झाले. १९०२ मध्यें ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर जाऊन तेथील पाण्यांत विरघळलेल्या वायूंचा त्यांनीं अभ्यास केला. १९०३ मध्यें बेडूक कातडीनें किती व फुप्फुसानें किती श्वसन करतो ह्याविषयींच्या प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली.

त्या काळीं शास्त्रज्ञांत एक वाद चालू होता. प्राण्यांच्या शरीरांतून नत्रवायु बाहेर पडतो काय? पडत असेल तर शरीराच्या पोषणाविषयींचे सारे हिशेब पुन्हा मांडावे लागणार होते. क्रोग ह्यांनीं ह्या परीक्षेसाठीं फुलपांखरांचे कोश, अंडीं आणि उंदीर घेतले. कोशाची निवड किती मार्मिक आहे पाहा. कोश खात नाहीं, पीत नाहीं, हिंडत नाहीं, मलविसर्जन करीत नाहीं. जणूं कांहीं निसर्गानेंच प्रयोगासाठीं बंद करून ठेवलेला तो एक जिवंत डबा! अत्यंत काटेकोर मोजणीनंतर असें दिसून आलें कीं, वायुरूप नत्र शरीरांतून म्हणण्यासारखा बाहेर पडत नाहीं. ह्या कामाबद्दल व्हिएन्ना येथील विज्ञान अकादमीनें १९०६ मध्यें त्यांना पारितोषिक दिलें. प्रत्येक प्रश्नाला सोयीचा असा एखादा प्राणी निसर्गांत असतोच, तो शोधून काढावा, हें तत्त्व क्रोग ह्यांनीं पुढें १९२९ मध्यें स्पष्ट शब्दांत मांडलें, आणि तें आजहि त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील कठीण प्रसंगाकडे वळूं. प्राध्यापक बोर ह्यांचें मत असें होतें कीं, माणसाचें फुप्फुस हें एखाद्या ग्रंथीप्रमाणें स्वतः परिश्रम करून प्राणवायु रक्तांत ढकलतें. आरंभीं क्रोग ह्यांचाहि ह्या मताकडे ओढा होता. परंतु फुप्फुसांतील हवा आणि रक्त ह्यांतील वायूंचा दाब आपल्या सूक्ष्म बुडबुड्याच्या युक्तीनें मोजूं लागल्यावर त्यांना प्रत्येक वेळीं निराळेंच उत्तर मिळूं लागलें. रक्तांतील प्राणवायूचा दाब फुप्फुसांतील दाबाहून कधींच अधिक आढळेना. म्हणजे पाणी जसें उंचावरून सखल भागाकडे आपोआप वाहतें, तसा प्राणवायु अधिक दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप पसरतो. फुप्फुसाला त्यासाठीं वेगळे श्रम करावे लागत नाहींत. ह्या पसरण्यालाच विसरण म्हणतात. खोलीच्या एका कोंपऱ्यांत उदबत्ती लावली असतां वारा नसतांहि तिचा वास सगळीकडे पोंचतो, त्यांतहि ह्या विसरणाचाच भाग असतो.

गुरूंनीं हात धरून शिकविलें, प्रयोगशाळेंत जागा दिली; आणि त्याच गुरूंचें आवडतें मत आपल्या मोजमापानें खोटें ठरत आहे! अशा वेळीं गप्प बसणें सोपें होतें. क्रोग ह्यांनीं घाई केली नाहीं. वर्षानुवर्षें प्रयोग पुन्हा पुन्हा तपासून पाहिले, आणि अखेर १९१० मध्यें सात निबंध एकदम प्रसिद्ध केले. त्यांतील कांहींत त्यांच्या पत्नी मारी ह्यांचाहि सहभाग होता. आपलें शास्त्रीय शिक्षण बोर ह्यांच्यामुळेंच झालें हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. मात्र निष्कर्ष सौम्य करण्यासाठीं एकाहि आंकड्याला धक्का लावला नाहीं. ह्या मतभेदानें गुरुशिष्यांचे संबंध पूर्वींसारखे राहिले नाहींत, आणि १९११ च्या फेब्रुवारींत बोर निवर्तले. गुरूविषयींचा आदर आणि सत्याविषयींची निष्ठा ह्यांपैकीं एकाची निवड करण्याचा प्रसंग आला असतां दोहोंचाहि मान कसा राखावा, हें क्रोग ह्यांनीं आपल्या वागणुकीनें दाखविलें. पण त्याची किंमतहि त्यांना मोजावी लागली.

मारी ह्यांच्याशीं त्यांचा विवाह १९०५ मध्यें झाला होता. त्या स्वतः वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. १९०८ मध्यें पतिपत्नी दोघेंहि ग्रीनलंडला गेलीं आणि केवळ मांसाहारावर राहणाऱ्या तेथील लोकांच्या आहाराचा व पोषणाचा त्यांनीं अभ्यास केला. १९१४ मध्यें मारी ह्यांनीं माणसाच्या फुप्फुसांतून वायु किती वेगानें पसरतात ह्या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी संपादन केली. विश्रांतींत असो वा कठीण श्रमांत असो, शरीराला लागणारा सर्व प्राणवायु विसरणानेंच मिळूं शकतो, हें त्यांच्या मोजमापानें अधिक पक्कें झालें.

हाच प्रश्न क्रोग ह्यांनीं आतां कीटकांना विचारला. १९०८ मध्यें त्यांच्यासाठीं विद्यापीठांत प्राण्यांच्या शरीरक्रियाशास्त्राची जागा निर्माण झाली होती, आणि १९१० पासून त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली होती. १९१४ मध्यें त्यांनीं एका सूक्ष्म श्वसनमापकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. सारख्याच आकाराचीं दोन लहान कांचपात्रें एका वांकड्या नळीनें जोडलेलीं असत, आणि त्या नळींत थोडासा द्रव असे. एका पात्रांत कीटक ठेवावयाचा, दुसरें रिकामें ठेवावयाचें. दोहोंतहि कर्बाम्लवायु शोषणारें द्रावण घालावयाचें. कीटक प्राणवायु घेतो आणि कर्बाम्लवायु सोडतो. सोडलेला वायु द्रावण गिळून टाकतें. म्हणून पात्रांतील हवा जेवढी घटेल तेवढा प्राणवायु कीटकानें घेतला, हें उघड आहे. हवा घटली कीं नळींतील द्रव त्या बाजूला सरकतो, आणि पट्टीवर त्याचें माप वाचतां येतें.

मग रिकाम्या पात्राची गरज काय, असें कोणी विचारील. हवा उष्णतेनें प्रसरण पावते. १०० घन सेंटीमीटर हवा एका अंशानें तापली तर सुमारें एक तृतीयांश घन सेंटीमीटरनें वाढते. लहानशा किड्यानें घेतलेला प्राणवायु एवढ्या फरकांत सहज बुडून जाईल. परंतु दोन्ही पात्रें एकाच पाण्याच्या टोपांत बुडविलेलीं असल्यामुळें उष्णतेचा परिणाम दोहोंवर सारखाच होतो आणि एकमेकांस मारून टाकतो. उरतो तो केवळ कीटकाचा श्वास. प्रयोगशाळेंतील अचूकपणा म्हणजे नुसतीं महाग उपकरणें नव्हेत, तर चूक कोठून शिरेल हें आधींच ओळखणें होय.

पिठांतील किड्यांचे कोश निरनिराळ्या उष्णमानांत ठेवून ते किती कर्बाम्लवायु सोडतात आणि किती दिवसांत पूर्ण वाढतात, हें क्रोग ह्यांनीं मोजलें. उष्णमान वाढलें कीं श्वसनाचा वेग वाढतो आणि कोशाची वाढहि लवकर होते. कोशावस्थेच्या आरंभीं श्वसन अधिक, मध्यंतरीं मंद आणि किडा बाहेर पडण्याच्या सुमारास पुन्हा जोराचें असतें. बाहेरून मृतवत् दिसणाऱ्या त्या कोशांत जुनें शरीर मोडून नवें घडविण्याचें काम चाललेलें असतें, आणि त्याची नोंद श्वासाच्या आंकड्यांत उमटते.

१९२० मध्यें त्यांनीं नळ्यांतील वायूविषयींचा निकाल दिला. लांकूड पोखरणाऱ्या एका मोठ्या अळीच्या श्वासनळ्यांची लांबी आणि रुंदी त्यांनीं मोजली. नळीला फांद्या फुटत गेल्या तरी सर्व फांद्यांच्या छेदांची बेरीज फारशी घटत नाहीं, असें त्यांना आढळलें. अळीला दर क्षणीं किती प्राणवायु लागतो हें मोजून झालेंच होतें. मग त्यांनीं हिशेब केला कीं, एवढ्या नळ्यांतून केवळ विसरणानें एवढा प्राणवायु आंत जाण्यास दाबाचा किती फरक लागेल. तो अगदीं थोडा निघाला. म्हणजे अळीला भाता चालविण्याची गरजच नाहीं. ह्याचें कारण असें कीं, प्राणवायु शरीराच्या ओल्या मांसापेक्षां हवेंतून लाखों पटींनीं सुलभतेनें पसरतो. परंतु सर्वच कीटकांचें असें नसतें, हेंहि त्यांनीं पाण्यांतील एका भुंगेऱ्याच्या अळीवर दाखविलें. ती आपल्या मोठ्या नळ्या दाबून हवा बाहेर लोटते आणि मग नवी आंत घेते. पुढें बारीक फांद्यांत मात्र पुन्हा विसरणाचेंच राज्य असतें.

त्याच वर्षीं त्यांना वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र केशवाहिन्यांविषयींच्या शोधाबद्दल. स्नायु स्वस्थ असतांना त्यांतील बहुतेक केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि काम सुरू होतांच त्या उघडतात, असें त्यांनीं सिद्ध केलें. हा विचारहि पूर्वींच्याच वाटेनें आलेला होता. प्राणवायु जर केवळ पसरून पेशींपर्यंत पोंचत असेल, तर श्रमाच्या वेळीं त्याची वाट आंखूड झाली पाहिजे. आणि जवळ जवळ अधिक केशवाहिन्या उघडल्यानेंच ती आंखूड होईल. अळीच्या नळींत जें सत्य, तेंच माणसाच्या दंडांतहि!

१९२२ मध्यें व्याख्यानांसाठीं ते अमेरिकेस गेले. मारी ह्यांना तेव्हां मधुमेहानें ग्रासलें होतें. कॅनडांतील टोरोंटो येथें इन्सुलिन हें नवें औषध सांपडल्याची वार्ता त्यांना समजली होती. त्यांच्या आग्रहावरून क्रोग टोरोंटोस गेले आणि तें औषध स्वदेशीं तयार करण्याची अनुज्ञा घेऊन परतले. हान्स क्रिस्तियान हागेडोर्न ह्या वैद्यांच्या साहाय्यानें त्यांनीं तें बनविण्यास आरंभ केला, आणि १९२३ मध्यें डेन्मार्कमधील रुग्णांना तें मिळूं लागलें. एका घरावरचें संकट टाळण्यासाठीं केलेल्या प्रवासानें असंख्य घरांना आधार दिला. मारी पुढें वीस वर्षें जगल्या आणि १९४३ मध्यें वारल्या.

उतारवयांतहि क्रोग ह्यांचें कीटकांवरील प्रेम कमी झालें नाहीं. उडण्यापूर्वीं पतंग आणि भुंगे पंख थरथरवून आपले स्नायु कसे तापवितात, ह्याविषयीं त्यांनीं १९४१ मध्यें एका सहकाऱ्यासह निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें देश व्यापला असतां त्यांना स्वीडनमध्यें आश्रय घ्यावा लागला. १९४५ मध्यें प्राध्यापकपद सोडल्यावर कोपनहेगनजवळ गेन्टोफ्ट येथें स्वतःच्या लहानशा प्रयोगशाळेंत त्यांनीं तरुण शास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फोग ह्यांच्याबरोबर टोळांच्या उड्डाणाचा अभ्यास सुरू केला. जत्रेंतल्या पाळण्याप्रमाणें गरगर फिरणारें एक चक्र करून त्याला टोळ टांगले. टोळ उडत आणि चक्र फिरत राही. उडत्या टोळाला किती प्राणवायु लागतो, हें त्यांनीं मोजलें. विश्रांतीच्या मानानें तो कित्येक पटींनीं अधिक असतो. दीर्घ उड्डाणांत टोळ मुख्यतः अंगांतील चरबी जाळतो, हेंहि ह्या संशोधनमालेंतून पुढें आलें. टोळधाड म्हणजे काय हें आपल्या देशाला नवीन नाहीं. २०२० मध्यें ह्याच जातीच्या टोळांचे थवे विदर्भापर्यंत आले होते. एवढासा जीव एवढें अंतर कशाच्या बळावर तोडतो, ह्याचें उत्तर त्या फिरत्या चक्रानें दिलें.

हा निबंध १९५१ मध्यें प्रसिद्ध झाला. परंतु तो पाहण्यास क्रोग हयात नव्हते. १३ सप्टेंबर १९४९ रोजीं कोपनहेगन येथें त्यांचें निधन झालें. त्यांची कन्या बोडिल ह्यांनींहि शरीरक्रियाशास्त्रांत मोठें नांव मिळविलें, आणि १९७५ मध्यें त्या अमेरिकेच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आज एखाद्या मुंगीचा श्वासहि विजेच्या उपकरणांनीं क्षणोक्षणीं नोंदवितां येतो. पण पात्र बंद ठेवावें, उष्णमान स्थिर राखावें आणि रिकाम्या पात्राशीं तुलना करावी, हे नियम अद्यापि तेच आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून घेण्यासारखे बोध तीन आहेत. पहिला हा कीं, कोणतीहि वस्तु क्षुद्र म्हणून टाकूं नये; डबक्यांतल्या अळीनें क्रोग ह्यांना जी विद्या शिकविली तीच त्यांना माणसाच्या फुप्फुसापर्यंत घेऊन गेली. दुसरा हा कीं, साधन नसल्याची तक्रार करण्यापेक्षां तें आपल्या हातांनीं घडविण्याचा यत्न करावा. आणि तिसरा, सर्वांत अवघड, तो हा कीं, जें मोजून पाहिलें आहे तें, कोणाला आवडो वा न आवडो, विनयानें परंतु जसेंच्या तसें सांगावें. पुढच्या वेळीं वर्गांतील खिडकीच्या कांचेवर एखादा पतंग निश्चल बसलेला दिसेल, तेव्हां त्याच्या कुशीवरच्या छिद्रांचा विचार मनांत आणा. तो श्वास घेत आहे. आणि तो किती घेतो हें सांगण्याची वाट एका धीराच्या माणसानें आपणांसाठीं मोकळी करून ठेवली आहे.